आधी रांगोळी, मग ओटा

मी रांगोळीचा डबा बोलतोय. आटपाट नाही, पण आखीव चौकोनी नगर होतं, सांता क्लारा त्याचं नाव. तिथे गुरुदत्त नावाचा इंजिनियर राहत होता. त्याची बायको वसुधा, तिथेच जन्मलेली लेक रुपाली आणि पंचाऐंशी साली सांगलीहून आलेली आई, सुमित्राबाई.

माझा जन्म खरा बिस्किटांसाठी. ती संपली तशी बाईंनी मला धुऊन वाळवलं नि रांगोळी भरली. तीस वर्षं त्यांच्या उंबऱ्याशी काढली. अमेरिकेत उतरलो, तर पोटातली पांढरी पूड बघून विमानतळावरच्या साहेबाच्या भुवया कपाळात! बाई शाळेतच गेल्या नाहीत, इंग्रजी कुठलं? चिमूट घेतली नि त्याच्याच टेबलावर कमळ काढलं. साहेब हसून म्हणाला, "गो, गो!"

गुरुदत्तचं नवं घर बांधलं जात होतं. रोज संध्याकाळी तो स्वयंपाकघराचा प्लॅन काढी. चौदा कागद झाले. मधोमध भला थोरला ओटा, त्याला तो आयलंड म्हणे.

"आणि मी विळी घेऊन बसू कुठे?"

"आई, इथे सगळं उभ्यानं करतात."

उभं राहिलं की बाईंच्या पोटऱ्या भरून येत. मांडी घालून बसल्या की मात्र गावजेवणाची भाजी चिरतील. मग मला म्हणाल्या, "बसायला जागा नाही तिथे राहायचं कशाला? लवकरच परत जाऊ, बाबा." माझं झाकणच सैल झालं.

सोमवारी कपाटांची ऑर्डर जाणार, मग बदल नाही. शनिवारी सगळे घर बघायला गेले. घर कसलं! खाली सिमेंटची कोरी जमीन, वर लाकडाचा सांगाडा. बाईंनी पिशवीतून मला काढलं.

"गुरू, मापं सांग."

"आई, तुला प्लॅन कळायचा नाही गं."

"कागद नाही कळत. जमीन कळते. टेप धर."

तो टेप धरी, बाई रेघ ओढत. सिंक, शेगडी, फ्रीज, ओव्हन, आयलंड, सगळं जमिनीवर उतरलं. मी निम्मा रिकामा!

"हं. वसुधा, ओव्हन उघड. गुरू, फ्रीजमधून दही काढ."

गुरुदत्तनं नसलेलं दार ओढलं, एक पाऊल मागे सरला आणि वाकलेल्या वसुधावर धाडकन आपटला.

"डॅड, यू आर स्टँडिंग इन द अवन!" रुपाली खिदळली.

"भाजू दे त्याला," बाई म्हणाल्या.

"चौदा कागद काढलेस, पोळी एक नाही लाटलीस, त्याचं हे फळ!" वसुधा म्हणाली.

आयलंडनं मधली वाटच गिळली होती. गुरुदत्तनं बुटानं ते पुसून टाकलं. फ्रीज सरकला. खिडकीखाली ऐसपैस जागा निघाली. बाई त्या जागेकडे नुसत्या बघत राहिल्या. मागितलं काहीच नाही.

रविवारी पंधरावा कागद आला. सगळी नावं इंग्रजीत, खिडकीखालच्या चौकोनात मात्र दोनच वेगळी अक्षरं. ती ना आजीला वाचता येत, ना नातीला.

"हे कुठलं नवं मशीन?" बाईंनी विचारलं.

वसुधानं वाकून बघितलं. "तुम्हीच की! 'आई' लिहिलंय."

परतीचं तिकीट कॅन्सल झालं. आता मी त्याच खिडकीत असतो. पत्रा गंजलाय, पण मान मोठा. कुणी मराठी माणूस घर बांधायला काढतो, की मला उसना नेतो. त्यांना माझं एवढंच सांगणं: ओटा बांधण्याआधी तो जमिनीवर आखा, आणि घरातल्या थोरांना त्यात बसवून बघा. गुरुदत्तच्या घरी जशी आई राहिली, तशी तुमच्या घरीही राहो.