तक्रार-खिडकीतल्या पापण्या

पाणीपुरवठा कचेरीच्या तक्रार-खिडकीत बावीस वर्षं जो माणूस बसत होता, त्याला अख्खी कचेरी करुणासागर म्हणायची. करुणा कुठली आलीय कपाळाची! माणसाच्या पापण्या लोंबत होत्या, एवढंच. लोक तावातावाने यायचे, नळ कोरडा म्हणून, पाइप फुटला म्हणून काचेवर हात आपटायचे, आणि आत बघतात तर काय, हा इसम त्यांच्याहून दुःखी! निम्मा राग तिथेच विरायचा. "जाऊ द्या हो, तुमचा तरी काय दोष," म्हणून लोकच त्याची समजूत काढायचे. तो मान खाली घालून अर्ज घ्यायचा, शिक्का मारायचा, ट्रेमध्ये टाकायचा. ट्रेचं पुढे काय होतं हे त्याने कधी विचारलं नाही, आणि कोणी त्याला सांगितलंही नाही. सगळं कसं सुरळीत चाललं होतं.

मग नवे साहेब आले. "खिडकीत ताजातवाना चेहरा हवा," ते म्हणाले. "तुम्हाला बघून वाटतं, पाणी आता कधीच यायचं नाही. महिन्याभरात काहीतरी करा, नाहीतर तळघरात रेकॉर्ड सांभाळायला जा."

करुणासागर बोटांवर मोजू लागला. निवृत्तीला सहा वर्षं, आणि घरी त्याचं कोण ऐकणार? जगात त्याच्यापुढे रांग लागत होती ती त्या एका खिडकीत. ती खुर्ची गेली तर उरलं काय?

"अहो, पापण्या कापून घ्या की," बायको म्हणाली. "माझ्या मावसबहिणीने घेतल्या. आता सारखी दचकल्यासारखी दिसते, पण दहा वर्षांनी तरुण दिसते."

डॉक्टरांनी आधी भरपूर चौकशी केली. रक्त पातळ करायची गोळी घेता का? सिगारेट? डोळे कोरडे पडतात? मग समोरून, बाजूने फोटो काढले. फोटो बघून त्याला स्वतःचीच इतकी दया आली की त्याने तिथल्या तिथे होकार भरला. "दहा दिवस विश्रांती," डॉक्टर म्हणाले. साहेबांनी रजा दिली चार दिवस.

ऑपरेशनच्या दिवशी डॉक्टरांनी त्याला बसवून, चिमट्याने कातडी धरून पेनाने रेघा मारल्या. शिंपी कापडावर मारतो तशा. मग आडवा केला, पापणीत सुई टोचली. तेवढंच काय ते दुखलं, पण डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. पुढे सगळं बधिर, आणि हा मात्र टक्क जागा! काहीतरी जळल्याचा वास आला. "काही नाही, रक्त थांबवतोय," म्हणत डॉक्टर नर्सशी बाथरूमच्या फरशीबद्दल बोलत राहिले. निळी घ्यावी की पांढरी? आपल्या पापणीत सुई असताना यांचा निर्णय होऊ नये, एवढीच करुणासागरने देवाची प्रार्थना केली. पाऊण तासात काम आटोपलं. फरशीचं तसंच राहिलं.

घरी दोन उशा, थंड पट्ट्या, दिवसातून चार वेळा थेंब. वाकायचं नाही, जड उचलायचं नाही. बायकोने तांदळाचा डबा स्वतः उचलला आणि दिवसभर ऐकवला. दुसऱ्या दिवशी आरशात पाहिलं तर दोन्ही डोळे वांग्यासारखे! "फसलो गं," तो रडकुंडीला येऊन म्हणाला. "आता तळघरातसुद्धा घेणार नाहीत."

पाचव्या दिवशी तो टाके घेऊनच खिडकीत बसला. काळा चष्मा साहेबांनी काढायला लावला, ताजेपणा झाकायचा नाही म्हणून. आणि चमत्कार झाला! पहिला गृहस्थ ओरडायला तोंड उघडून आला आणि ते सुजलेलं, काळंनिळं तोंड बघून जागीच थिजला. "कोणी मारलं हो तुम्हाला? काय माणसं असतात!" असं म्हणून अर्ज खिशात घालून तो चालता झाला. मागच्यांनीही तेच केलं. आठवडाभरात तक्रारी निम्म्यावर आल्या. साहेबांनी पेढेच काय ते वाटायचे राहिले.

पण टाके निघाले, सूज उतरली, आणि तीन आठवड्यांनी काचेमागे दोन टपोरे, लख्ख डोळे दिसू लागले. आता प्रत्येकाला वाटायचं, हा माणूस आपलंच ऐकतोय. झालं! एकेक जण पहिल्यापासून, सविस्तर, कागदावर पाइपची आकृती काढून सांगायला लागला. रांग दारापर्यंत, मग जिन्यापर्यंत गेली. "मग कधी करताय?" असं विचारून लोक उभेच राहू लागले. बावीस वर्षांत हा प्रश्न त्याला कोणी केला नव्हता.

एक दिवस एका आजींनी पिवळ्या पाण्याची बाटली पुढे ठेवली. "हे पितो आम्ही," त्या म्हणाल्या. "नातवाचं पोट बरंच होत नाही."

"अरेरे. पहिल्यांदाच आलात का आजी?"

"चार वर्षं येतेय रे बाबा. दर महिन्याला बाटली तुझ्याच हातात देते."

त्याने त्यांच्याकडे नीट पाहिलं. त्या चेहऱ्याची त्याला काही म्हणजे काही ओळख लागेना. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाटली उचलून तो तडक वर साहेबांच्या केबिनमध्ये गेला.

"हे काय नवीन?" साहेब भडकले. "तुमचं काम शिक्का मारणं! ताजा चेहरा मागितला होता, ऐकून घ्यायला कोणी सांगितलं? त्या डॉक्टरला विचारा, पापण्या थोड्या खाली आणता येतात का. नाहीतर उद्यापासून तळघर."

करुणासागर क्षणभर घुटमळला. त्याच खुर्चीपायी तर त्याने कातडी कापून घेतली होती.

"आजी बाहेर उभ्या आहेत, साहेब."

"मी मीटिंगमध्ये आहे म्हणून सांगा!"

तो दारापाशी गेला आणि दार सताड उघडलं.

"या आजी," तो म्हणाला. "साहेब एकटेच आहेत, काही काम नाही त्यांना."

आजी आत आल्या. त्यांच्यामागे अख्खी रांग जिना चढून आली होती.