चटणीच्या बरणीशेजारची हंडी

मी क्रांतीची जपानी हंडी बोलतेय. रंगानं काळी, पोटानं गोल, झाकणानं जड. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका गल्लीत क्रांतीचं जपानी घरगुती जेवणाचं छोटं हॉटेल आहे. तिथल्या लांब टेबलाच्या मधोमध मी बसते आणि खरं सांगायचं तर शेजारच्या बरणीवर जळते.

जपानमधल्या एका डोंगराळ गावात कुंभारानं मला घडवलं. फुमिको आजींच्या शेगडीवर माझी चाळीस वर्षं गेली. आजी थकल्या, तेव्हा त्यांची देखभाल करायला नर्सिंग शिकलेली क्रांती आली. तीन वर्षं राहिली. आजी खुर्चीत बसून सांगायच्या आणि क्रांती माझ्यात शिजवायची. मिसो म्हणजे सोयाबीन आंबवून केलेला लगदा. तो गॅस बंद केल्यावरच सूपमध्ये कालवायचा, हे ती माझ्यासमोर शिकली.

आजी गेल्या. त्यांच्या लेकीनं विचारलं, "आठवण म्हणून काय हवं?" क्रांतीनं माझ्याकडे बोट दाखवलं. विमानात तिनं मला स्वेटरात गुंडाळून मांडीवर धरलं. तिला माझ्याहून जवळचं कुणी नाही, अशी माझी पक्की समजूत झाली.

घरी तिच्या आईनं, बायडाबाईनं, मला बघितलं आणि म्हणाली, "इतक्या लांबनं ह्ये काळं गाडगं आणलंस व्हय?"

पुढं हॉटेल सुरू झालं. तीळ लावलेला पालक, गोडसर भोपळा, भाजलेला मासा, मुळ्याचं लोणचं, चिकट भात आणि माझ्यातलं मिसोचं सूप. हवं ते, हवं तितकं आपल्या हातानं वाढून घ्यायचं. पहिल्याच रविवारी मुरगूडचे सयाजीराव बायकापोरांसकट आले. ताटात डोंगर रचला, सूप चाखलं आणि म्हणाले, "ताई, समदं झ्याक हाय, पर चटणी न्हाय का?"

बायडाबाई आत गेली ती बरणी घेऊनच बाहेर आली. मसाला कांडायच्या डंकावर स्वतः उभं राहून कुटून आणलेली कांदा-लसणाची चटणी! सयाजीरावांनी चमचाभर चटणी माझ्या सूपमध्ये ढवळली. कपाळावर घाम फुटला तसे ते खुलले. "आत्ता कसं! आत्ता जेवल्यागत वाटतंय."

त्या दिवसापासून बरणी माझ्या शेजारी. लोक झाकण माझं उचलायचे, पण नजर तिच्यावर. जाताना विचारायचे, "मावशी, अर्धा किलो करून देता काय?" बायडाबाई फुलायची. मी आतून करपायची.

मग एकदा पुण्याच्या प्रीतीताई आल्या. त्या जपानमध्ये शिकलेल्या. बरणीकडे बघून म्हणाल्या, "चव छान आहे, पण हे आता जपानी घरचं राहिलं नाही हं."

क्रांतीचा चेहरा पडला. त्या गेल्यावर तिनं बरणी उचलून आतल्या कपाटात ठेवली. "आई, आजपासनं चटणी टेबलावर न्हाय ठेवायची."

"बरं," बायडाबाई म्हणाली. पदराला हात पुसले, चपला घातल्या आणि घरी गेली. दुसऱ्या दिवशी आली नाही, तिसऱ्याही नाही.

मी जिंकले होते. गिऱ्हाइकांच्या वाट्या अर्ध्या भरलेल्या परत येत होत्या, तरी मला काही वाटलं नाही. टेबल माझं एकटीचं होतं ना!

चौथ्या दिवशी दुपारी क्रांती आईला घेऊन आली. हॉटेलात दुसरं कुणी नव्हतं.

"एका बरणीपायी रुसलीस?"

"बरणीपायी न्हाय गं." बायडाबाईनं माझ्याकडे बघितलं. "तीन वर्सं तू त्या म्हातारीला भरवलंस, न्हाऊ घातलंस. हितं मला डेंग्यू झालता, तर शेजारची आक्का पेज आणून द्यायची. आल्यापासनं तुझं आपलं, आजी असं करायच्या, आजी तसं करायच्या. ह्या गाडग्याकडं बघितलं की माझ्या पोटात आग पडती."

मी चपापले. मी बरणीवर जळत होते आणि ही बाई माझ्यावर!

"डेंग्यूचं मला का न्हाय सांगितलंस?" क्रांतीनं विचारलं.

"सांगितलं असतं तर तू आली असतीस. म्हणून न्हाय सांगितलं."

क्रांती उठली. कपाटातून बरणी काढून तिनं टेबलावर ठेवली. मग माझ्यातून वाटीभर सूप घेऊन आईपुढं धरलं. इतक्या महिन्यांत बायडाबाईनं ते एकदाही चाखलं नव्हतं. तिनं चटणी न घालता वाटी तोंडाला लावली आणि संपेपर्यंत खाली ठेवली नाही.

"मीठ जास्त झालंय," ती म्हणाली आणि वाटी पुढं केली. "वाढ आणखी."

आता रोज सकाळी सूप बायडाबाईच करते. मीठ बेतानं घालते. पण मला ओल्या फडक्यानं पुसते आणि बरणीला स्वतःच्या पदरानं. मला ते दिसतं. अजूनही सलतं.

तर पावणं, कधी आलात तर चटणी खुशाल घ्या; इथं माझं कुणी ऐकत नाही. एवढंच करा, पहिला घोट कोरा घ्या. तेवढा माझा.