कंट्रोल दाबा, सोडा

माझ्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याला आमच्या कार्यालयात चिकटवलं मीच. पहिल्या दिवशी ओळख करून देताना मी "हे आमचे जावईबापू" म्हणाले, तेव्हापासून सगळे त्यांना जावईबापूच म्हणतात. आम्ही बैठकांची इतिवृत्तं टाइप करून देतो. जावईबापूंचं टायपिंग म्हणजे आनंदच. साधं कॉपी करायचं तरी माउसचं उजवं बटण दाबून यादीत शोधत बसायचे. बोलण्यात मात्र एक नंबर.

माझा डावा हात कोपराच्या खाली नाही. सहा वर्षांपूर्वी अपघातात गेला. तेव्हा मी घरी बसून रडले, मग रडण्याचाही कंटाळा आला आणि एका हातानं टाइप करायला शिकले. माउसला हात लावायला मला परवडत नाही, म्हणून सगळं की-बोर्डवरून. एकेक युक्ती सापडली की वहीत लिहायची. दोनशे पानांची वही भरली.

नवीन माणसांना शिकवायला प्रशिक्षक नेमायचा ठरला आणि मी अर्ज केला. मला ती जागा हवीच होती. जावईबापूंनीही केला, आणि वर कार्यालय चालवणाऱ्या मोठ्या बाईंच्या कानात सांगून आले की ताईंना कशाला त्रास, एका हातानं त्या काय शिकवणार. हे मला शिपायानं सांगितलं. त्याच आठवड्यात घरच्या कपाटातली माझी वही दिसेनाशी झाली.

सोमवारी जावईबापूंची छापील पुस्तिका सगळ्यांच्या टेबलावर. 'वेगवान टंकलेखन', खाली यांचं नाव, ठळक अक्षरात. उघडली तर आत मी! माझीच वाक्यं. 'इथे करंगळीला चुचकारा' हेसुद्धा जसंच्या तसं. डोक्यात तिडीक गेली. तरातरा मोठ्या बाईंकडे गेले.

"पुरावा आहे का काही?" त्या म्हणाल्या.

वही नव्हती, तर पुरावा कुठला? जागेवर येऊन पुन्हा पहिलं पान वाचलं. 'कंट्रोल दाबा, सोडा, मग सी दाबा.' आणि मला हसू फुटलं. शेजारची म्हणाली, बरी आहेस ना?

बरी कसली, मजेत होते! अहो, जगातल्या बाकी कॉम्प्युटरवर कंट्रोल धरून ठेवावा लागतो, तो दाबलेला असतानाच दुसरं बटण दाबायचं. माझ्या एका हाताला ते झेपत नाही, म्हणून माझ्या मशीनवर एक सोय चालू केलेली आहे. कंट्रोल दाबून सोडला तरी मशीन तो लक्षात ठेवतं. वही माझ्यापुरती होती, तिच्यात मी हे कशाला लिहीन? आणि या पठ्ठ्यानं एकदाही करून न बघता छापून टाकलं. मला सांगता आलं असतं. सांगितलं नाही. रात्री छान झोपले.

मंगळवारी प्रात्यक्षिक. बारा नवीन माणसं, मोठ्या बाई, भिंतीवर मोठा पडदा. जावईबापू इतके फुशारले होते की त्यांनी त्याच दिवशी पाठवायचं चाळीस पानी इतिवृत्तच उघडलं.

"माउसनं सगळं निवडलं. आता बघा. कंट्रोल दाबायचा, सोडायचा, सी दाबायचा. झालं कॉपी!"

चाळीस पानं गायब. कोऱ्या पानावर एकुलता एक सी.

"काही नाही, काही नाही, मागे जाता येतं. कंट्रोल, सोडायचा, झेड." सीच्या पुढे झेड आला. पुन्हा केलं. पुन्हा झेड. पाच-सहा झेड झाल्यावर मागून कोणीतरी फिसकन हसलं. जावईबापूंच्या कपाळावर घाम. "ताई," ते पुटपुटले, "जरा बघता का?"

"मी काय बघणार? मला एकच हात."

मोठ्या बाई माझ्याकडे बघायला लागल्या. मी सावकाश उठले. मुद्दाम सावकाश. शिफ्टचं बटण लागोपाठ पाच वेळा दाबलं, पडद्यावर विचारणा आली, एंटर दाबून होकार दिला. माझी सोय चालू झाली. मग कंट्रोल दाबला, सोडला, झेड दाबला. असं करत करत झेड गेले, सी गेला, चाळीस पानं परत आली. पुस्तिकेतली रीत आता बरोबर चालत होती, आणि ती कोणाच्या हातासाठी आहे हे आंधळ्यालाही दिसलं असतं.

"ही पुस्तिका लिहिली कोणी?" मोठ्या बाईंनी विचारलं.

"ताईंनी," ते खाली बघून म्हणाले.

"मागे ऐकू गेलं नाही, जावईबापू," मी म्हणाले.

त्यांना ते पुन्हा म्हणावं लागलं. मला इतकं बरं वाटलं की काय सांगू. जागा मला मिळाली, त्यांना कामावरून काढलं. त्यांच्यासाठी रदबदली करायला मी तोंड उघडलं नाही.

संध्याकाळी धाकटीचा फोन. रडत होती.

"ते फसणार हे तुला आधीच माहीत होतं ना?"

"कालपासून. चोराला सावध करत बसू?"

"त्यांनी नाही चोरली. वही मी दिली. शनिवारी तू आंघोळीला गेलीस तेव्हा काढली कपाटातून. त्यांना काढायचं चाललंच होतं, ताई. प्रशिक्षक झाले असते तर वाचले असते. तुला मागितली असती तर दिली असतीस?"

ती शनिवारी माझी वेणी घालायला येते. सहा वर्षं, एकही शनिवार चुकलेला नाही.

"दिली असती गं," मी म्हणाले. "आणि कंट्रोल धरून ठेवायला सांगितलं असतं."

ते खरं होतं, म्हणून तर माझा संताप संताप झाला. ती हुंदके देत होती आणि मला तिची जराही दया येत नव्हती.

"वही दाराबाहेर ठेवून जा," मी म्हणाले. "बेल वाजवू नकोस. आणि वेणीचं मी बघेन."

दुसऱ्या दिवशी कामावर जायच्या आधी मी केस कापून घेतले.