माझ्या फोटोतल्या पोरीच्या भुवया

मी प्लॅस्टिकचं ओळखपत्र बोलतोय. हसू नका. माझ्या फोटोतल्या पोरीला भुवया न्हाईत, त्यात माझी काय चूक?

मी सोलापुरातनं पाकिटात बसून मंद्रूपजवळच्या एका शाळेत आलो. तवा कोरा, गोरापान हुतो. शाळेत नवा प्रिंटर आल्ता. कागद तर छापायचाच, पण आमाला ट्रेमध्ये झोपवून आमच्यावर बी छापायचा. ऑफिसातले भाऊसाहेब, गुरुसिद्धप्पा, लई खूश. नवी वस्तू आली की विभूती लावल्याबिगर ते काम सुरू करत न्हाईत. प्रिंटरवर तीन बोटं ओढली, मग माझ्यावर बी. पहिलं कार्ड ना मी!

आता भस्मावर शाई कुटं बसती? कबड्डीच्या टीममधल्या काव्याचा फोटो उमटला, पण कपाळापासनं भुवयांपर्यंत तीन पांढरे पट्टे! भाऊसाहेबांनी माझ्याकडं न बघताच बाकीच्या पोरींची कार्डं छापली.

"भाऊसाहेब, माझ्या भुवया कुटं गेल्या?" काव्या किंचाळली.

"अगं, विभूतीखाली गेल्या की!" भाऊसाहेब घाम पुसत म्हणाले.

"मग दुसरं छापा की!"

"पाकीट संपलं गं पोरी."

बाहेर गाडी हॉर्न मारत हुती. तालुक्याची फायनल, आन् ओळखपत्राबिगर खेळू देत न्हाईत. काव्यानं मलाच उचललं.

मैदानावर पंचांनी मला उलटंपालटं केलं. "फोटोतली पोरगी ही न्हवं. दुसरीच घुसवताय व्हय?"

काव्याचं तोंड एवढंसं झालं. तिनं माझ्याकडं बघितलं. मग खाली वाकली, मैदानाच्या रेघेवरची पांढरी फक्की तीन बोटांवर घेतली आन् कपाळापासनं भुवयांपर्यंत सर्रकन ओढली.

"आता बघा की सर! हाय का न्हाय मीच?"

पंचांनी मला तिच्या गालाजवळ धरलं आन् पोट धरून हसायला लागले. "जा माय, खेळ! डोळ्यात तेवढी जाऊ देऊ नको."

ती अशी खेळली, अशी खेळली की समोरच्या पोरी पट्टे दिसले की मागं सरायच्या. कप आमचाच.

पुढं तिला नवं कार्ड मिळालं, भुवयांसकट. ते दप्तरात पडून असतंय. मॅचला ती मलाच नेती, आन् आता अख्खी टीम पट्टे ओढून उतरती.

भाऊसाहेब, तुमाला एकच विनंती. आदी छापा, शाई वाळू द्या, मग खुशाल विभूती लावा. मी हाय तसाच बरा. भुवया काय, कुणाला बी असत्यात.