जाऊबाईंनी खुडलेली फुलं

शप्पथ घेऊन सांगते, यातला शब्द न् शब्द खरा आहे! खोटा निघाला तर माझी कवळी जप्त करा.

माझ्या थोरल्या जाऊबाई म्हणजे अकलेचा डोंगर. भाज्यांच्या प्रदर्शनात पहिला नंबर काढायचा म्हणून परसात भोपळ्याचा वेल लावला. रोज सकाळी चष्मा चढवून वेलापाशी हजर. ज्या फुलाच्या बुडाशी इवलासा भोपळा दिसेल ते ठेवायचं, नुसत्या दांड्यावरचं फूल खुडून फेकायचं.

"वांझोटी मेली! फुकटचं पाणी पितात," म्हणायच्या. आणि बघायच्या कुणाकडे? सुनेकडे. लग्नाला चार वर्षं झाली तरी पाळणा हलला नव्हता ना! "प्रदर्शन होऊ दे, हिला कायमची माहेरी पोचवते. माझ्या राजाला दुसरी आणू."

राजा शेजारी बसून चहा भुरकत होता. ठोंब्या!

वेलाला फळ काही धरेना. इवले भोपळे पिवळे पडून गळायचे. जाऊबाईंनी खत बदललं, माती बदलली, शेवटी सुनेला परसात यायची बंदी केली. तिची दृष्ट लागते म्हणे!

मग मला राहवेना. म्हटलं, "अहो, खुडलीत ती नरफुलं. त्यांचा पराग मादीफुलांना मिळालाच नाही, तर फळ धरेल कसं? नराशिवाय लेकरं हवीत तर पानफुटी लावायची. पान मातीत पडलं की कडेकडेनं रोपं फुटतात. सगळी हुबेहूब आईसारखी, तेवढ्याच अकलेची!"

"म्हणजे वेलाचा दोष नव्हता?"

"नव्हता. सुनेला डॉक्टरांनी ठणठणीत म्हटलंय. आता राजालाही दाखवा."

"काकू!" राजाचा चहा नाकात गेला.

नेला एकदाचा ओढत. घोडं तिथंच अडलं होतं. जाऊबाईंनी सुनेवरची परसातली बंदी उठवली. सून म्हणाली, "माहेरी जायचं की नाही, ते आता मी ठरवीन." राजा निमूट गोळ्या गिळायला लागला.

पाण्याच्या टाकीमागं एक नरफूल जाऊबाईंच्या नजरेतून सुटलं होतं. सुनेनं ते खुडलं, पाकळ्या सोलल्या आणि मादीफुलात अलगद फिरवलं. असा भोपळा धरला म्हणता! बाहेर काढायला भिंत फोडावी लागली. पहिला नंबर सुनेच्या नावावर.

बरं बाई, भिंत नव्हती फोडली. तिरका करून दारातूनच काढला. कवळी राहू द्या.