खारा बर्फ

त्या वर्षी सिल्वासाजवळच्या सायली गावातल्या कंपनीत बर्फ पडणार होता, तोही रविवारी सकाळी बरोबर नऊ वाजता, आणि तो पाडणार होते अविनाशसाहेब.

अविनाशसाहेब मूळचे पुण्याचे, प्लॅस्टिकचे ड्रम बनवणाऱ्या त्या कंपनीत प्रॉडक्शन मॅनेजर. कॉलेजात असताना मनालीला महिनाभर राहून बर्फावर घसरायला शिकून आले होते, आणि ते खूळ डोक्यातून काही उतरलं नव्हतं. चौऱ्याण्णवच्या जानेवारीत फॅमिली डे ठरला. बाकीचे अधिकारी संगीत खुर्ची आणि लिंबू-चमचा घेऊन बसले होते. साहेब म्हणाले, बर्फ. काश्मीरला जायची सोय राहिली नाही, मनाली परवडत नाही, मग आपल्या पोरांनी बर्फ बघायचा कुठे? माणूस एकदा हौसेला पेटला की त्याला कोण अडवणार.

तर बेत असा ठरला. वापीहून टेम्पो भरून बर्फाच्या लाद्या आणायच्या. भंगार ड्रमांचा चुरा करणारा ग्राइंडर धुऊनपुसून घ्यायचा आणि त्यातून लाद्या काढायच्या. ट्रकमध्ये माल चढवायच्या उतारावर पांढरं प्लॅस्टिक अंथरून त्यावर वीतभर बर्फ पसरायचा. निळे ड्रम उभे चिरले की झाल्या घसरगाड्या. हे सगळं ज्याच्या गळ्यात पडलं तो ललित.

ललित अमळनेरकडचा. सहा वर्षं कंपनीत होता, पण ठेकेदाराच्या यादीवर. पर्मनंटचं कार्ड त्याला दर दिवाळीला मिळणार असायचं आणि दर दिवाळीनंतर हुकायचं. या खेपेला मात्र पर्सोनेलच्या मधुकर साहेबांनी स्वतः सांगितलं होतं की कागद तयार आहे, मुंबईचे मोठे साहेब रविवारी आले की सही होईल. बायको बाळंतपणाला माहेरी गेलेली, घरी आई बायडाबाई आणि आठ वर्षांची लेक रोशनी. जवळच्याच गलोंडा गावातल्या खोलीत तिघं त्या कार्डाच्या नावाने झोपत आणि त्याच्याच नावाने उठत.

बर्फाचं काम ललितकडे आलं त्याला कारण होतं. कंपनीत येण्याआधी आठ वर्षं त्याने खानदेशातल्या जत्रांमधून पॉटचं आइस्क्रीम फिरवलं होतं. अविनाशसाहेबांनी त्याला एवढंच बजावलं होतं की नुसता बर्फ, त्यात काही मिसळायचं नाही. कुणीतरी निळा रंग टाकू म्हणत होतं, म्हणून ते बोलले होते.

नऊ वाजता बर्फ तयार होता, पण मोठे साहेब तयार नव्हते. त्यांची गाडी हायवेवर अडकली. त्यांना आणायला अविनाशसाहेब भिलाडपर्यंत गेले आणि जाताना म्हणाले, "ललित, बर्फ तुझ्या ताब्यात."

साडेनऊ झाले, दहा झाले. ऊन वर आलं. उताराच्या पायथ्याशी पाण्याचा ओघळ सुरू झाला. पाहुणे यायच्या आधी बर्फाचं पाणी झालं तर कार्डाचंही पाणी होणार, हे त्याला कुणी सांगायला नको होतं. गोणपाटं टाकून झाली, भुसा कुठे मिळेना. मग त्याला बॉयलरजवळच्या मिठाच्या गोण्या आठवल्या. पाणी मऊ करायच्या टाकीत ते जाडं मीठ लागायचं. आठ वर्षं ललितने बर्फात मीठ टाकलं होतं आणि आठ वर्षं आइस्क्रीम झालं होतं. त्याच्या हिशेबी मीठ म्हणजे बर्फाची ताकद. वास्तविक मिठाने बर्फ टिकत नाही, उलट लवकर वितळतो. मात्र वितळता वितळता तो असा काही गार होतो की आत ठेवलेलं दूध दगड होतं. एवढा विचार करायला त्या सकाळी त्याला सवड नव्हती. त्याने दोन गोण्या फोडल्या, खालच्या थरात मीठ पेरलं आणि वर बर्फ ओढून घेतला. वरचा थर खरोखरच कडक झाला. ललित स्वतःवर खूश झाला.

अकराला गाडी आली आणि कार्यक्रम सुरू झाला. पहिला तास असा रंगला की विचारू नका. अविनाशसाहेब गुडघे वाकवून, दोन्ही हात पुढे धरून पोरांना तोल सांभाळायला शिकवत होते. ड्रमात बसून पोरं खाली येत, पुन्हा वर पळत. साहेबांचा दहा वर्षांचा मुलगा अनिकेत उभ्याने घसरून दाखवत होता. शेवटी बायाबापड्याही आल्या. साठीच्या बायडाबाईला पोरांनी ड्रमात कोंबलं आणि सोडून दिलं. ती डोळे मिटून, पदर दातात धरून सुसाट खाली आली, उठली आणि म्हणाली, अजून एकदा. मोठे साहेबसुद्धा हसले.

ललित पायथ्याशी फावडं घेऊन उभा होता. घसरून घसरून सगळा चिखलासारखा बर्फ तिथे गोळा झाला होता, घोटा बुडेल एवढा. मिठाचं पाणीही उतरून तिथेच साचलं होतं. फावडं अडकलं म्हणून त्याने हात घातला आणि झटकन बाहेर काढला. हा गारठा ओळखीचा होता. जत्रेतल्या पॉटमध्ये, डब्याच्या भोवती, असायचा तो. त्यात कुणी हात ठेवायचा नसतो. त्याने एकदा ठेवला होता, पैजेपायी. डाव्या हाताच्या दोन बोटांची टोकं तेव्हापासून मेली होती ती मेलीच.

पण पोरं घसरतात आणि पळतात, पाय टेकतो न टेकतो, असं त्याने मनाला समजावलं. मन असल्या वेळी फार समजूतदार असतं.

तेवढ्यात मधुकर साहेबांनी माइक हातात घेतला. त्यांना माइक दिला की काही ना काही स्पर्धा निघायचीच. या बर्फात सगळ्यात जास्त वेळ कोण उभं राहतं, बघू या. बूट-मोजेवाले आणि चपलावाले असा भेदभाव नको, सगळ्यांनी अनवाणी. बक्षीस मोठ्या साहेबांच्या हस्ते. विसेक पोरं धावली आणि त्या पायथ्याच्या चिखलात घोट्यापर्यंत पाय रोवून उभी राहिली. त्यांत रोशनी होती, अनिकेतही होता.

"एक मिनिट," माइक म्हणाला.

निम्मी पोरं ओरडत बाहेर पडली. ललितने फावडं घट्ट धरलं. आता बोलावं तर मोठे साहेब चार हातांवर खुर्चीत बसलेले, सांगितलेलं नसताना बर्फात दोन गोण्या मीठ टाकल्याचं त्यांच्या तोंडावर कबूल करायचं. सही अजून व्हायची होती. कंटाळतील, निघतील, असं तो स्वतःशी म्हणत राहिला. त्याच्या बगलांना जानेवारीत घाम फुटला होता.

"दोन मिनिटं. शाब्बास."

सहा उरली. रोशनीने ओठ दाबून धरले होते, पण ती हलत नव्हती. बापाकडे बघून हसली.

"तीन मिनिटं."

ललित पुढे झाला आणि रोशनीचा दंड धरून तिला बाहेर ओढलं. आजी बोलावतेय, असं काहीतरी पुटपुटला. पोरगी चिडली, रडायला आली, पण त्याने तिला उचलून थेट भिंतीच्या उन्हात नेलं, शर्टाने पाय कोरडे केले आणि तळवे आपल्या पोटाशी धरले. ते गार होते, लाल होते, जिवंत होते. त्याने सुटकेचा श्वास सोडला.

बायडाबाई तिथेच उभी होती. लेकाचा चेहरा तिने जन्मापासून वाचलेला. मेल्या बोटांची गोष्टही तिला ठाऊक होती. तिने काय झालं ते विचारलं, आणि ललितने मान खाली घालून मिठाचं सांगून टाकलं. पाठीमागे माइक चार मिनिटं म्हणाला, मग पाच. सहीचं काय होईल, हेही ललित बोलला. आई काहीतरी म्हणेल, गप्प राहा म्हणेल, असं त्याला वाटलं असावं.

"आपली पोर काढी लिधी," बायडाबाई हळूच म्हणाली, "नि लोकेस्ना पोरेस्नं काय?"

सहावं मिनिट झालं. पाण्यात तिघंच उरली होती, अनिकेत मधोमध. मधुकर साहेबांनी माइक त्याच्या तोंडाशी धरला आणि कसं वाटतंय ते विचारलं.

"आधी खूप दुखत होतं," अनिकेत छाती काढून म्हणाला. "आता काहीच वाटत नाही."

टाळ्या पडल्या. अविनाशसाहेबांनी सर्वांत जोरात वाजवल्या. ललितने त्या ऐकल्या आणि तो धावत सुटला. बुटांसकट त्या चिखलात शिरला, अनिकेतला काखेत मारला, दुसऱ्या हाताने बाकीच्या दोघांना बाहेर ढकललं. माइक अजून चालूच होता, त्यातून सात मिनिटं असं ऐकू आलं आणि तो थांबला. लोकांना वाटलं, ललित प्याला आहे.

"बर्फमा मीठ शे, साहेब," तो म्हणाला. घाईत घरची बोलीच तोंडात आली. "मी टाकलं. दोन गोण्या. पाय बघा पोराचे."

अनिकेतचे पाय घोट्याखाली मेणासारखे पांढरे झाले होते. अविनाशसाहेबांनी अंगठा दाबून पाहिला, तो लाकडासारखा लागला. त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. मग एकच गोंधळ उडाला. कुणी तळवे चोळायला धावलं, कुणी वॉचमनची शेगडी ओढत आणली. ललित मध्ये आडवा झाला. चोळू नका, शेकू नका, असं त्याने ठासून सांगितलं आणि आपली डावी बोटं सगळ्यांपुढे धरली. आइस्क्रीमवाल्या शेठने त्याची हीच बोटं स्टोव्हवर धरली होती, म्हणून गेली. कॅन्टीनमधून कोमट पाणी हवं होतं, हाताला सोसेल एवढंच.

कॅन्टीनमध्ये तीन पातेली मांडली. बाकीच्या दोघांचे पाय पाच-सात मिनिटांत लाल झाले आणि ती रडायला लागली. अनिकेत मात्र गप्प. त्याची आई सुवर्णाताई त्याचं डोकं पोटाशी धरून बसल्या होत्या. साहेब पाण्यात पाय बघत होते आणि मनातल्या मनात शंभर वेळा त्या मनालीला शिव्या देत होते. ललित गुडघ्यावर बसून पाणी बदलत होता. कार्ड त्याच्या डोक्यातून कधीच गेलं होतं. हे पाय परत यावेत, एवढंच तो मागत होता, आणि कुणाकडे मागतोय तेही त्याला कळत नव्हतं. पंधरा मिनिटं गेली. मग वीस.

अनिकेतने एकदम भोकाड पसरलं. पायात सुया टोचताहेत, आग होतेय, म्हणून तो तडफडू लागला. सुवर्णाताई घाबरून त्याचे पाय बाहेर काढायला गेल्या.

"रडू द्या, ताई," ललित म्हणाला. "रडतोय म्हणजे पाय आहे."

सिल्वासाहून डॉक्टर आले, त्यांनी तिघांना तपासलं. फोड येतील, महिनाभर त्रास होईल, पण बोटं वाचली, अनिकेतचे पाय मात्र अजून थोडा वेळ कोमट पाण्यातच ठेवा, म्हणाले. वेळेत बाहेर काढलं आणि कुणी चोळलं नाही, हे नशीब. आणखी पाच-दहा मिनिटं गेली असती तर बोटांची खात्री त्यांनाही देता आली नसती.

मग सगळ्यांच्या जिवात जीव आला आणि माणसं एकदम चांगली झाली. मोठे साहेब म्हणाले, चूक कुणाच्याही हातून होते, पण चारचौघांत कबूल करायला छाती लागते. मधुकर साहेबांनी खांद्यावर हात ठेवून सांगितलं की कागद घेऊनच आलोय, आजच सही. सुवर्णाताईंनी स्वतःच्या हाताने चहाचा कप ललितच्या पुढे केला. त्यांच्या डोळ्यांना पाण्याची धार लागली होती.

"तुमच्यामुळे माझ्या पोराचे पाय राहिले," त्या म्हणाल्या. "तुम्हाला कळलं तसे धावलात."

ललितने कप हातात घेतला. दाराशी बायडाबाई रोशनीचा हात धरून उभी होती. ती काही बोलणार नव्हती, हे त्याला पक्कं माहीत होतं. आई ही गोष्ट सरणावर घेऊन जाईल. रोशनीला तर काही कळलेलंच नव्हतं, ती आपली बक्षीस हुकलं म्हणून फुगून बसली होती. कार्ड चार पावलांवर होतं. नुसता चहा प्यायचा होता.

त्याने कप खाली ठेवला.

"कळलं तसा नाही धावलो, ताई," तो म्हणाला. "माझ्या पोरीला मी तिसऱ्या मिनिटाला काढली."

माइकवरची मिनिटं सगळ्यांनीच ऐकली होती, सात वजा तीन करायला कुणाला वेळ लागला नाही. मधुकर साहेबांनी खांद्यावरचा हात काढून घेतला. अविनाशसाहेबांनी ललितकडे पाहिलं आणि मग मान फिरवून ते खिडकीबाहेर बघत राहिले.

सुवर्णाताईंची नजर मात्र दाराकडे गेली. रोशनी चपला घालून उभी होती, दोन्ही पाय धड, कोरडे, गुलाबी. त्या तिच्या पायांकडे कितीतरी वेळ बघत राहिल्या. पोरगी घाबरून आजीच्या लुगड्याआड सरकली.

ललितने तिला पुढे घेतलं नाही की मागे लपवलं नाही. पातेल्यातलं पाणी निवलं होतं. त्याने ते ओतून दिलं, नवीन कोमट पाणी आणलं, आधी त्यात आपला धड हात घालून पाहिला, आणि अनिकेतचे पाय एकेक करून आत ठेवले.