आपल्यापुढे नऊच माणसं

मुलीला गावातल्या नामांकित शाळेत ओळखीने प्रवेश मिळाला, तर कारकुनाची देणगी वाचणार होती, बायकोची टोचणी थांबणार होती आणि शेजारच्या वकिलापुढे मान ताठ होणार होती. बदल्यात द्यायचं काय, तर मुख्याध्यापकांना स्कॅनचा एक नंबर. त्यांचा गुडघा कुरकुरत होता.

सरकारी इस्पितळात यंत्र एक, दिवसाला नंबर दहा. पहिला नंबर कारकून रोज बाजूला काढून ठेवायचा, ‘आपल्या माणसा’साठी. पैसे घेत नसे, म्हणून आपण लाचखाऊ नाही याची त्याला खात्री होती. उरलेले नऊ रांगेला. त्यामागच्यांना पंधरा दिवसांनंतरच्या तारखेची चिठ्ठी. ती बाहेर शिपाई वाटायचा. कारकुनाला तोंडं बघावी लागत नसत.

त्या सोमवारी मुख्याध्यापक मागच्या दाराने आत गेले. रांगेत दहावे उभे होते कारकुनाच्या ताईचे यजमान. हाडाचे सुतार. महिनाभर डोकं ठणकत होतं. चिठ्ठी घेऊन ते निमूट घरी आले. अकराव्या दिवशी रंधा मारता मारता कोसळले. डोक्यातली रक्तवाहिनी फुटली होती. “आधी दिसली असती तर,” एवढंच डॉक्टर म्हणाले.

सगळं उरकल्यावर कारकून बहिणीशेजारी बसला.

“ताई, एक शब्द टाकायचास. पहिला नंबर भाऊजींचाच होता.”

“मी म्हटलं होतं. म्हणाले, मेव्हण्याला कशाला अडचणीत टाकायचं? पहाटेच गेलो की लागतो नंबर. आले ते खजील होऊन. म्हणाले, आपल्यापुढे नऊच माणसं होती गं. माझीच मोजण्यात चूक झाली असणार.”

कुणीतरी कारकुनाला पाणी दिलं, ते त्याने हातातच धरून ठेवलं.

“घरचा माणूस खिडकीवर असताना रांग लावली,” कारकुनाचे चुलते हळहळले. “फारच भोळसट.” सगळ्यांनी माना डोलावल्या. कारकुनाला कुणी एका शब्दाने बोललं नाही. निघताना चुलत्यांनी त्याला कोपऱ्यात घेतलं. “माझ्या कंबरेचं जरा बघ ना.”

“बुधवारी या,” त्याच्या तोंडून सवयीने निघून गेलं.

तर हिशोब असा: प्रवेश झाला, गुडघा ठणठणीत निघाला, चुलत्यांची सोय लागली. सगळं जमेच्या बाजूला. खर्ची पडले एकटे भाऊजी, आणि वर भोळसट ठरले.